गजर कोणी लावावयाचा?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस काठी टेकीत का होईना चालू लागला आणि त्याचे बोलणे घरच्यांना समजू लागले, म्हणजे तो बरा झाला असे धरून चालण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. भेटीस येणारे तोंड सरळ झाले काय, हाताची मूठ वळते काय, एवढे पाहतात आणि समाधानाने चहा घेऊन निघतात. स्मृतीला बसलेला हादरा त्यांच्या नजरेस येत नाही, आणि येण्याचे कारणही नसते. हाच माणूस पवना धरणाच्या पाण्याखाली कोणाची कोणती खाचरे गेली ते क्रमवार सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण रुसून बसले होते तेही सांगतो. त्याला आठवत नाही ते एवढेच, की सकाळी आठ वाजता रक्तदाबाची गोळी घ्यावयाची होती. आणि नऊ वाजता विचारले, तर ती घेतली की राहिली हे त्याला खात्रीने सांगता येत नाही.

स्मृती म्हणजे झाल्या-गेल्याचे कोठार, ही समजूत इतकी रुजलेली आहे की तिचे दुसरे काम सहसा ध्यानात येत नाही. झालेले आठवणे हे एक, करावयाचे आठवणे हे दुसरे. आणि संसार चालतो तो मुख्यतः या दुसऱ्यावर. दूध उतू जाण्याआधी उठणे, हप्त्याची तारीख न चुकवणे, गोळी वेळेवर घेणे या साऱ्याला भूतकाळाची नव्हे, पुढच्या क्षणाची आठवण लागते. मराठी भाषेला हा भेद फार पूर्वी उमगलेला होता. पदराच्या टोकाला किंवा उपरण्याला गाठ मारून ठेवण्याची जुनी रीत होती. तीवरूनच ‘खूणगाठ’ हा शब्द आला. गाठ हाताला लागली की काहीतरी करावयाचे राहिले आहे एवढे कळे. काय राहिले आहे, ते डोके सांगे. म्हणजे कामाचा अर्धा भाग गाठीकडे आणि अर्धा डोक्याकडे, अशी ही वाटणी होती. पक्षाघातानंतर डोक्याच्या वाट्याचा अर्धा भाग डळमळतो. तेव्हा जी गाठ वेळेवर हाताला लागेल आणि शिवाय ‘काय’ तेही सांगेल, अशी गाठ हवी असते. खिशातला स्मार्टफोन ही अशी गाठ होऊ शकतो. प्रश्न इतकाच आहे, की ती बांधावयाची कोणी.

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रथम त्याचा व्याप पाहू. भारतात दरवर्षी नव्याने पक्षाघात होणाऱ्यांची संख्या बारा लाखांच्या वर धरली जाते. मावळ तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर होती. देशाचे प्रमाण तालुक्याला लावले, तर एकट्या मावळात वर्षाला तीनशेहून अधिक घरांत हा आजार शिरतो, असा ढोबळ हिशेब निघतो. जे वाचतात त्यांच्यापैकी साधारणपणे तिघांत एकाला विचार, अवधान किंवा स्मृती यांत टिकणारी उणीव राहते. यात भर अशी, की एकूण पक्षाघातांपैकी सुमारे चौथा हिस्सा हे दुसऱ्यांदा वा त्याहून अधिक वेळा आलेले झटके असतात, आणि ते टाळण्याचा मार्ग म्हणजे रोजच्या गोळ्या: रक्तदाबाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या, अनेकांच्या बाबतीत मधुमेहाच्याही. ज्याची स्मृती आजाराने नेली, त्याचे रक्षण त्याच्या स्मृतीवरच सोपवलेले असते. गोळी विसरली की दुसरा झटका जवळ येतो, आणि दुसरा झटका उरलीसुरली स्मृतीही नेतो. रॅग्नर नर्क्स यांनी १९५३ मध्ये दारिद्र्याचे दुष्टचक्र वर्णिले, त्याची आठवण व्हावी असे हे चक्र आहे. फरक एवढाच, की हे चक्र एका लहानशा जागी, सकाळी आठच्या सुमारास, तोडता येते.

मावळातील जुन्या पिढीने घड्याळाकडे पाहून दिवस काढलेला नाही. दिवसाला बाहेरून खुणा होत्या. कारखान्याचा भोंगा होता, पाळीची बस होती, लोहमार्गालगतच्या गावांना गाड्यांच्या वेळा होत्या. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी खंडाळ्याच्या घाटाकडे निघून गेली, की तेवढ्यावर घरातील पुढची कामे सुरू होत. मानसशास्त्र सांगते, की ‘अमुक घडले की तमुक कर’ हे लक्षात राहणे सोपे आणि ‘अमुक वाजता तमुक कर’ हे अवघड. कारण पहिल्यात आठवण बाहेरून येते, दुसऱ्यात ती आतूनच यावी लागते. ज्याने तीस वर्षे भोंग्यावर कामे केली तो निवृत्त झाला आणि मागोमाग त्याला झटका आला, म्हणजे त्याच्या भोवतालच्या खुणा आणि आतली आठवण ही दोन्ही एकाच काळात नाहीशी होतात. अशा माणसाला ‘लक्षात ठेवत जा’ असे सांगणे म्हणजे लंगड्याला सरळ चालण्याचा उपदेश करण्यासारखे आहे. त्याला भोंगा परत मिळवून दिला पाहिजे.

फोनचा गजर हा असा भोंगा आहे, आणि त्याचे काही गुण मावळच्या हवामानाला विशेष मानवणारे आहेत. लोणावळ्याच्या पावसात वीज आणि फोनची रेंज या दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांच्या आतल्या वाड्यांत तर उन्हाळ्यातही रेंजसाठी अंगणाचा विशिष्ट कोपरा गाठावा लागतो. परंतु गजराला रेंज लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. फोनमधले घड्याळ फोनमध्येच चालते. चार्जिंग मात्र हवे; फोन बंद पडला तर गजरही वाजत नाही. म्हणून दिवस मावळताना फोन ठरलेल्या जागी चार्जिंगला लावणे हे गोळीइतकेच महत्त्वाचे होऊन बसते, आणि त्याचीही आठवण कोणीतरी द्यावी लागते. साधनाची आठवण ठेवण्यासाठी दुसरे साधन, अशी ही साखळी कोठेतरी माणसापाशीच येऊन थांबते.

या विषयाचा इतिहासही माणसापासूनच सुरू होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये लॅरी ट्रेडगोल्ड नावाचे एक अभियंता होते. त्यांच्या मुलाच्या मेंदूला दुखापत झाली आणि त्याची रोजची कामे विसरली जाऊ लागली. नील हर्श या मानसशास्त्रज्ञाबरोबर ट्रेडगोल्ड यांनी एक व्यवस्था उभारली: संगणक ठरल्या वेळी पेजरवर संदेश पाठवी, पेजर थरथरे आणि पडद्यावर काम दिसे. तिचे नाव न्यूरोपेज. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची कसोशीने परीक्षा केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १४३ जण होते. काहींना आधी पेजर दिला व मग काढून घेतला, काहींना आधी वाट पाहावयास लावून मग दिला. प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक पेजर असताना औषधे घेणे, भेटी पाळणे, स्वतःची कामे करणे यांत लक्षणीयरीत्या अधिक यशस्वी ठरले. आजचा फोन पेजरची सारी कामे करतो आणि वर चित्र, आवाज, थरथर ही तिन्ही एकदम देतो.

न्यूरोपेजची याहून महत्त्वाची गोष्ट मात्र पुढे, २००८ मध्ये, कळली. त्याच प्रयोगातील आकडे आजाराच्या कारणाप्रमाणे वेगळे करून पाहिले, तेव्हा अपघाताने डोक्याला मार लागलेल्यांचा फायदा पेजर परत घेतल्यावरही बराचसा टिकलेला दिसला. सात आठवड्यांच्या घंटीने त्यांना सवय लावून दिली होती. पक्षाघाताच्या रुग्णांचे तसे झाले नाही. पेजर होता तोवर त्यांचे काम सुधारले. पेजर गेला आणि ते पहिल्या जागी परतले. या गटातील रुग्ण सामान्यतः वयाने अधिक होते आणि नियोजनाची शक्तीही त्यांच्यात अधिक दुबळी झालेली होती.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर मार लागलेल्या तरुणाच्या बाबतीत गजर ही गुंतवणूक आहे: काही आठवडे खर्च करा, सवय जमेल, पुढे ती व्याज देत राहील. पक्षाघाताच्या वृद्धाच्या बाबतीत तो चालू खर्च आहे. तो रोज करावा लागतो आणि थांबवला की त्याचा लाभही त्या दिवशीच थांबतो. सरकार, विमा कंपन्या आणि कुटुंबेही भांडवली खर्चाला एक वेळ तयार होतात. चालू खर्चाचे नाव काढताच हात आखडतात. मुलगा पुण्याहून येताना वडिलांसाठी दहा-बारा हजारांचा फोन आणतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. यात त्याचा दोष फारसा नाही. दुकानात फोन विकत मिळतो, गजर लावणारा मिळत नाही.

गजर लावणे म्हणजे एकदा बटण दाबणे नव्हे. कोणत्या गोळीला कोणती वेळ हे चिठ्ठीवरून उतरवून घ्यावे लागते, आणि चिठ्ठी पुष्कळदा इंग्रजीत असते. अर्धांग डावे असेल तर कित्येक रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. पडद्याच्या डाव्या अंगाला आलेला शब्द त्यांच्यापुरता नसल्यासारखाच. वाचाघात झालेला असेल तर अक्षरे दिसतात पण लागत नाहीत. तेथे गोळीच्या पाकिटाचा फोटो किंवा घरातील माणसाचा आवाज हवा. ‘बाबा, जेवण झालं, आता पांढरी गोळी,’ असे सुनेच्या किंवा नातीच्या आवाजात मुद्रित करून तेच गजर म्हणून लावता येते, आणि यंत्राच्या किणकिणाटापेक्षा ओळखीच्या आवाजाला माणूस लवकर उठतो. सर्वांत मोठी फसगत गजर बंद करण्याच्या बटणाची. घंटी वाजते, बोट सवयीने पडद्यावरून फिरते, घंटी थांबते, आणि घंटी थांबवणे हेच काम होते असे मेंदू समजून चालतो. उलट बाजूने, ‘गोळी राहिली असेल’ या शंकेने तीच गोळी दोनदा घेतली जाण्याचा धोका आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बाबतीत तो साधा नाही. म्हणून गजराला सात खणांच्या डबीची जोड लागते. गजर ‘केव्हा’ ते सांगतो. ‘घेतली काय’ याचे उत्तर डबीतला रिकामा खण देतो. ही डबी दर रविवारी कोणीतरी भरावी लागते. डॉक्टरांनी औषध बदलले की गजर बदलावा लागतो, जुना पुसावा लागतो. एकाच दिवशी पंधरा गजर लावून ठेवले तर त्यांतला एकही ऐकला जात नाही. म्हणून कोणते चार ठेवावयाचे हे ठरवावे लागते. हे ठरवणे हे कौशल्याचे काम आहे, आणि मराठी घरांत ते आजवर ज्यांनी केले त्यांना त्याबद्दल कोणी कुशल म्हटलेले नाही. १९७३ पासून घराघरांत भिंतीवर असलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसच्या तारखा आणि डॉक्टरांच्या फेऱ्या कोणाच्या अक्षरात लिहिलेल्या असतात ते पाहावे, म्हणजे घराची पुढची स्मृती कोण वाहते याचा उलगडा होतो.

या वाहण्याचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही, परंतु काही मोजदाद आता झालेली आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या देखभालीत सहभागी होत्या आणि त्या दिवसाला सरासरी १४० मिनिटे त्यात घालवीत; याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के आणि वेळ ७४ मिनिटे. जुलैत भातलावणी सुरू झाली की मावळातील बाईला ही १४० मिनिटे कोठून काढावयाची हा प्रश्न पडतो. खाचरात चिखलात उभी असताना आठ वाजलेले तिला कळतात. घरी गजर वाजला काय आणि वाजून काय झाले, ते कळत नाही.

कुटुंब आहेच, ते पाहून घेईल, हे गृहीत आपल्या आरोग्यव्यवस्थेत इतके मुरलेले आहे की त्याची परीक्षा करण्याचे धाडस कोणी केले याचेच कौतुक वाटावे. भारतातील १४ रुग्णालयांतून १,२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला ‘अटेंड’ हा प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरच्या घरी पुनर्वसन कसे करावे याचे शिक्षण दिले, निम्म्यांना नेहमीचीच सेवा. सहा महिन्यांनी दगावलेल्यांचे व परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ तंतोतंत सारखे, निघाले. नातेवाइकांनी कसूर केली असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. प्रशिक्षित माणसाची जागा घरच्या फुकट श्रमाने भरून निघत नाही, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा.

मग यंत्रावर सारे सोपवावे काय? त्याचीही परीक्षा झाली आहे. ‘स्प्रिंट इंडिया’ या प्रयोगात देशातील ३१ केंद्रांतील सुमारे ४,३०० रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर बारा भाषांतून मोबाइल संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका देण्यात आली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की पुन्हा झटका येणे, हृदयविकार किंवा मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत पाच टक्क्यांच्या आसपासच राहिले. औषधे नियमित घेण्यात संदेश मिळालेला गट थोडा पुढे होता, तेवढाच. प्रयोगाचा उपयोग दिसत नाही म्हणून तो मुदतीआधी थांबवावा लागला. या निष्कर्षाचा आधार घेऊन फोनचा नाद सोडावा असे म्हणणारे निघतील. पण कोठूनतरी सर्वांना एकाच साच्याचा येणारा ‘औषधे वेळेवर घ्या’ हा संदेश आणि एका विशिष्ट म्हाताऱ्याच्या जेवणानंतर, त्याच्या नातीच्या आवाजात, त्याच्या डबीच्या शेजारी वाजणारा गजर, या दोन वस्तू एक नव्हेत. पहिली जाहिरात आहे, दुसरी खूणगाठ. न्यूरोपेजच्या प्रयोगातही प्रत्येकाचे संदेश आणि वेळा त्याच्याशी बोलून ठरवलेल्या होत्या. गुण पेजरचा जेवढा, तेवढाच त्या बोलण्याचा.

हे बोलणे कोणाला परवडते, यावरून लोणावळ्यात दोन जग दिसतात. निवृत्तीनंतर मुंबईहून येथे बंगल्यात राहावयास आलेल्या वृद्धाला झटका आला तर दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन परिचारिका ठेवता येतात. त्यांच्या गजराला माणूस जोडलेला असतो. त्याच गल्लीत दुसऱ्या बंगल्याची राखण करणारा, बागेला पाणी घालणारा माणूस आजारी पडला तर त्याची बायको पहिल्या बंगल्यात धुणे-भांड्याला गेलेली असते. विशेष म्हणजे फोन दोघांकडेही असतो, आणि बहुधा सारख्याच बनावटीचा. बाजाराने साधनाची विषमता बरीच कमी केली, हे मान्य केले पाहिजे. साधनामागच्या माणसाची विषमता तेवढीच ठेवली. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी रस्ते तुंबले की दुसऱ्या झटक्याच्या रुग्णाला रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनासाठी साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोहोचवणे हे राखणदाराच्या घराला अधिकच दुर्घट होते. तेव्हा आठ वाजताच्या गोळीची किंमत त्याच्या घरी बंगल्यापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

या विचाराविरुद्ध एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. फोनच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय लागली तर स्मृती आणखी आळसावणार नाही काय? त्यापेक्षा स्मरणशक्तीला व्यायाम द्यावा, पाठांतर करावे, प्राणायाम करावा. ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाच्या दाव्यांना प्रयोगशाळेतील उपकरणांसमोर उभे केले, त्या गावात हा आक्षेप मोजमापाच्या आधारेच तपासणे उचित. पक्षाघातानंतरच्या स्मृतिव्यायामांचे जे प्रयोग झाले त्यांचे एकत्रित परीक्षण असे सांगते, की रुग्णांना काही काळ बरे वाटते, पण तो लाभ टिकल्याचा पुरावा मिळत नाही. व्यायाम जरूर करावा. मन प्रसन्न राहते, दिवसाला आकार येतो. पण गोळी व्यायामाच्या भरवशावर ठेवू नये. चष्मा लावल्याने डोळे आळशी होतील म्हणून आंधळेपणाने रस्ता ओलांडणाऱ्याला कोणी निग्रही म्हणत नाही. परावलंबनाचीच भीती असेल, तर ज्याला दर दोन तासांनी बायको ‘घेतली काय’ म्हणून विचारते आणि जो दर वेळी चिडून ‘घेतली’ म्हणतो, तो अधिक परावलंबी, की जो स्वतःच्या खिशातील आवाजावर उठून डबी उघडतो तो? गजराने पती-पत्नींमधील रोजच्या तपासणीचा कडवटपणा काही अंशी तरी निघून जातो, हा लाभ कोणत्याही प्रयोगाच्या कोष्टकात बसणार नाही.

चष्म्याचा उल्लेख सहज आला, पण करपद्धतीचे तर्कशास्त्र त्यातून उघडे पडते. श्रवणयंत्राला वस्तू व सेवा कर माफ आहे. दृष्टिदोषाच्या चष्म्यावरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. फोनवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे. कानाची, डोळ्याची उणीव भरून काढणारी वस्तू ती गरज, आणि स्मृतीची उणीव भरून काढणारी ती चैन, असा भेद येथे अभावितपणे झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पन्नास अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी केली. तीत चाकाची खुर्ची आणि कुबड्यांबरोबर गोळ्यांची डबी, वेळेचे नियोजन करणारी साधने आणि सुलभ केलेला मोबाइल फोन यांनाही स्थान आहे. तरीही सर्व फोनांवरील कर उतरवावा ही मागणी येथे गैरलागू ठरेल. श्रीमंताच्या फोनावरील कर माफ करून राखणदाराच्या घरी गजर वाजणार नाही. फोन तेथे आधीच आहे. उणीव आहे ती तेथवर जाऊन अर्धा तास बसणाऱ्या माणसाची.

असा माणूस पाठवण्याची रीत सरकारला ठाऊक नाही असे नाही. बाळ जन्माला आले की आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा, घरी बाळंतपण झाले असेल तर सात वेळा, त्या घरी जाते. बाळाचे वजन घेते, ताप पाहते, आणि या फेऱ्यांबद्दल तिला २५० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे आणि आशांनी तिच्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवलेला आहे, तो रास्तच आहे. परंतु तत्त्व मान्य झालेले आहे: आयुष्याच्या एका नाजूक वळणावर घरी जाऊन पाहण्याला मोल द्यावयाचे. पक्षाघात होऊन रुग्णालयातून सुटलेला माणूस घरी येतो, तोही असाच नाजूक काळ असतो. पहिले तीन महिने पंधरवड्याला एक आणि पुढे महिन्याला एक, अशा वर्षात पंधरा फेऱ्या धरा. फेरीला पन्नास रुपये धरा, म्हणजे रुग्णामागे साडेसातशे. तालुक्यात वर्षाला शंभर रुग्णांना स्मृतीची अशी मदत लागेल असे मानले, तर सारा खर्च पाऊण लाख रुपये. हे रुग्ण पुढील वर्षीही असणारच, न्यूरोपेजने तेच शिकवले. म्हणून पाच वर्षांनी ही रक्कम तीन-साडेतीन लाखांवर जाईल. फेरीचा दर दुप्पट केला, आणि तो करावाच, तरी सात लाखांच्या आत. लोकमान्यांच्या काळात पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, त्या तालुक्याला ही रक्कम डोईजड म्हणता येणार नाही. याच तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे ग्रामीण रुग्णालय आहे. गजर कसा लावावा, कोणत्या रुग्णाला चित्र आणि कोणाला आवाज द्यावा, हे आशांना दोन दिवसांत शिकवण्याइतके मनुष्यबळ तेथे सहज मिळू शकते.

आजही आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक तक्ता भरते. त्यातील साठीपुढच्या माणसांसाठी असलेल्या प्रश्नांत स्मृतीविषयी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता काय? पवना धरणाखालची खाचरे क्रमवार सांगणारा माणूस या प्रश्नाला ठामपणे ‘नाही’ असे उत्तर देतो, आणि ते उत्तर खरे असते. तक्त्यात ‘नाही’ची खूण होते, वही मिटते, आणि आशाताई पुढच्या घराकडे वळतात. त्या ओळीखाली आणखी दोन ओळींपुरती जागा करता येईल. गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या, ही एक. आणि घरात गजर कोण लावते, ही दुसरी.